ट्रॉलीचा कागद कुठे आहे?

गळीत हंगाम तोंडावर आला की माझ्या टपालात ट्रॅक्टर वाढतात. यंदा त्यांच्या जोडीला एक क्वाड बाईक (चार जाड चाकांची मोकळी बाईक), एक थार, एक जेसीबी आणि एक जुनी जीपही आली आहे. गाड्या वेगवेगळ्या, पण बहुतेक पत्रांत एक वाक्य कुठे ना कुठे आहेच: "गाडी रस्त्यावर फारशी जातच नाही." मी आधी विमा कंपनीच्या कायदा विभागात होते, आता कराडला मोटार अपघाताचे दावे चालवते. हे वाक्य मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकलं आहे. त्यानं कुणाचं भलं झालेलं मात्र अजून पाहिलेलं नाही.

नमस्कार वकीलताई. माझा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर आहे. हंगामात स्वतःचा आणि भावकीचा ऊस कारखान्याला घालतो, मागे दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टरचा विमा चालू आहे. ट्रॉल्या गावातल्याच वर्कशॉपमध्ये बनवून घेतल्यात, त्यांना नंबर नाही. एजंट म्हणतो, ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचाही झाला. ऊसतोडणीच्या टोळीची माणसं जाता-येता ट्रॉलीत बसतात. काही भानगड होईल का?
— एक शेतकरी, वाळवा तालुका

दादा, भानगड झालेलीच आहे, फक्त अपघात व्हायचा राहिलाय.

आधी नोंदणीचं बघू. ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरचं शेपूट, असं गावात समजतात. कायदा तसं समजत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 नुसार ट्रॉलीची नोंदणी इतर कुठल्याही वाहनासारखीच करावी लागते. तिचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूवर हवा आणि ती ज्या ट्रॅक्टरला जोडली आहे त्याचा नंबरही तिच्यावर दिसला पाहिजे. मंजुरी असलेल्या उत्पादकाकडून घेतलेल्या ट्रॉलीची नोंदणी सरळ होते. गावच्या वर्कशॉपमधली ट्रॉली चार पैसे स्वस्त पडते, पण तिच्याकडे मंजुरीचं प्रमाणपत्र नसतं आणि आरटीओत तिथंच घोडं अडतं. पुढची ट्रॉली घेताना लोखंडाच्या वजनाआधी हा कागद मागा.

आता विमा. एजंटला सांगा, "हेच वाक्य मला कंपनीच्या ईमेलवरून पाठवा." पाठवणार नाही. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख असेल आणि तिचा हप्ता घेतलेला असेल, तरच ती विम्यात आहे असं धरा. तुमच्या दोन असतील तर दोन्हींचा उल्लेख हवा, चासी नंबरसकट.

पण खरी मेख वेगळीच आहे, आणि पॉलिसी हातात घेतल्यावर मी ती सगळ्यात आधी शोधते. 'वापराच्या मर्यादा' अशा अर्थाचा एक परिच्छेद पॉलिसीत असतो. तुमच्या पॉलिसीत तिथं बहुधा शेतीचा वापर लिहिलेला असेल. स्वतःचा ऊस स्वतःच्या ट्रॅक्टरनं कारखान्याला नेणं ही शेतीच. भावकीचा ऊस नेता तेव्हा वाहतुकीचे पैसे घेता का? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि पहिला प्रश्न तोच विचारला जाणार आहे. कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार तुमच्या नावावर असेल आणि वाहतुकीचं बिल तुमच्या खात्यावर जमा होत असेल, तर भाड्याच्या वापराचा पुरावा तुम्हीच तयार करून ठेवलाय. कंपनीचा तपासनीस कारखान्याच्या शेती विभागातून तो मिळवतो. भाड्यानं वाहतूक करायचीच असेल तर तशी नोंदणी आणि तशी पॉलिसी घ्या. हप्ता जास्त पडेल, पडू द्या.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण कंपन्या कधी कधी ट्रॉलीत वाळूचा कण दिसला तरी 'व्यापारी वापर' म्हणून मोकळ्या होतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक केस होती. शेताजवळ सिंचनासाठी टाकी बांधायची होती, ट्रॅक्टरनं तिची वाळू आणली होती. नुसती वाळू वाहिली म्हणजे शर्त मोडली असं होत नाही, ते कंपनीनं सिद्ध करायला हवं, असं न्यायालयानं म्हटलं. तेव्हा शेणखत, शेततळ्याचा प्लास्टिक कागद, गोठ्याच्या विटा यांना घाबरू नका. घाबरायचं ते दुसऱ्याच्या मालाचं भाडं घेताना.

आणि टोळीची माणसं. ट्रॅक्टरच्या आरसी बुकात आसनक्षमता बघा, बहुतेक वेळा एकच असते, चालकाची. मडगार्डवर बसलेला पुतण्या, ट्रॉलीत उसावर बसलेल्या बायाबापड्या, यातलं कुणीच नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिलेल्या एका प्रकरणात ट्रॉलीवर बसून जाणारा मजूर जखमी झाला होता. माती वीटभट्टीकडे चालली होती, ट्रॅक्टरचा विमा शेतीसाठी होता, ट्रॉलीचा नव्हताच. न्यायालयानं म्हटलं, विमा कंपनीची जबाबदारी नाही. मजूर गरीब, म्हणून स्वतःचे विशेष अधिकार वापरून कंपनीला सांगितलं, आधी याला पैसे दे आणि मग मालकाकडून वसूल कर.

या 'दे आणि वसूल कर'चा अर्थ अनेकांना दारात नोटीस आल्यावर कळतो. मजुराच्या घरी धनादेश पोचला की मालकाला वाटतं, कंपनीनं भागवलं, सुटलो. कंपनीला त्यानंतर वेगळा दावाही लावावा लागत नाही. त्याच न्यायाधिकरणात अंमलबजावणीचा अर्ज करून ती रक्कम व्याजासकट मागते, आणि जप्तीसाठी मालकाची जमीन, ट्रॅक्टर, बँकखातं असं जे सापडेल ते दाखवते. मी कंपनीत असताना असे अर्ज स्वतः तयार केलेत, म्हणून सांगते, त्यात दयामाया नसते.

तुमच्याकडे पगारावर असलेला चालक आणि क्लीनर यांच्यासाठी 'कायदेशीर जबाबदारी'चं कलम वेगळा किरकोळ हप्ता भरून जोडता येतं. तेवढं आजच करा. पण टोळीला ट्रॉलीत बसवून न्यायचं, त्यावर विमा हा इलाज नाही. त्यांच्यासाठी जीप किंवा टेम्पो सांगा. मुकादम कुरकुरेल, त्याला माझं नाव सांगा.

एक चांगली बातमी देते. चालकाच्या परवान्यावर 'ट्रॅक्टर' लिहिलेलं नाही, नुसतं हलकं मोटार वाहन आहे, म्हणून पूर्वी दावे लटकायचे. कायद्याच्या व्याख्येतच 7,500 किलोपर्यंत रिकामं वजन असलेला ट्रॅक्टर हलक्या वाहनात धरलेला आहे. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं हलक्या वाहनाच्या परवान्यावर वेगळ्या नोंदीशिवाय या वजनापर्यंतची वाहतुकीची गाडीही चालवता येते, हा आधीचा उदार निकाल कायम केला. या एका बाबतीत निश्चिंत राहा.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, ट्रॅक्टर माझ्यापेक्षा चांगला चालवतो. घर ते शेत एवढंच नेतो. चालेल ना?
— एक वडील, बारामती तालुका

चालणार नाही. घर ते शेत यामध्ये रस्ता लागत असणार. 2019 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 199अ वाचा: अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. त्याच्या हुशारीबद्दल शंका नाही. वर्षभर थांबा.

मॅडम, अलिबागजवळ आमचं छोटं फार्महाऊस आहे. पाहुण्यांसाठी एक क्वाड बाईक घेतली. आरटीओ नोंदणी करत नाही, विमा कंपनी विमा देत नाही. विकणारा म्हणाला, ही ऑफ-रोड गाडी आहे, हिला काही लागतच नाही. पाहुणे आवारात फिरवतात, कधी कधी गावचा रस्ता ओलांडून समुद्रावर जातात. पाहुण्यांकडून 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं लिहून घेतो. पुरेसं आहे का?
— फार्महाऊसमालक, रायगड जिल्हा

विकणाऱ्यानं अर्धं खरं सांगितलं आणि ते त्याच्या सोयीचं अर्धं होतं.

कायद्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतून दोन-तीन गोष्टी वगळल्या आहेत. त्यातली एक म्हणजे फक्त कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास प्रकारचं वाहन. तुमच्या गाडीला आसरा आहे तो एवढाच, आणि त्यातला 'फक्त' हा शब्द महत्त्वाचा. 'ही रस्त्यासाठी बनवलेली नाही' हा युक्तिवाद उत्खनन यंत्रांच्या आणि रोडरोलरच्या मालकांनीही केला होता. आवारातच काम करत असली तरी ती मोटार वाहनंच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये सांगितलं.

आता दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचा, गंमत आहे. विम्याची सक्ती करणारं कलम 146 'सार्वजनिक ठिकाणा'बद्दल बोलतं. नोंदणीचं कलम 39 मात्र 'सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी' म्हणतं. म्हणजे गाडी एकदा मोटार वाहन ठरली की स्वतःच्या वाडीत चालवतो म्हणून नोंदणीतून सुटका नाही. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय, यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा 1988 चा निकाल आहे. लोकांना जिथं प्रवेश आहे, मग तो हक्कानं असो की मालकाच्या नियंत्रणाखाली, ते सार्वजनिक ठिकाण. पैसे भरून येणारे पाहुणे तुमच्या फाटकातून आत आले की तुमचं आवार किती 'खासगी' उरतं, हा प्रश्न मी समोरच्या बाजूची वकील असते तर पहिल्याच तारखेला विचारला असता.

गावचा रस्ता ओलांडणं तर सरळ बेकायदा. विनानोंदणी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी 2,000 ते 5,000 रुपये, विनाविमा 2,000 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. हे दंड भरून मोकळे व्हाल. पण त्या वीस फुटांत सायकलवरून जाणारं पोर आडवं आलं, तर भरपाईची सगळी रक्कम तुमच्या खिशातून जाईल, कारण मध्ये विमा कंपनीच नाही. जीव गेला तर चूक कुणाची हे न बघता कलम 164 खाली पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. तुमची चूक सिद्ध झाली तर त्या घरातल्या माणसाच्या वयावर आणि कमाईवर आकडा कुठंही जातो. किनाऱ्यावर गाड्या न्यायला ठिकठिकाणी बंदी आहे, ते वेगळंच. वाळूत रुतलेल्या गाड्या दोऱ्या लावून ओढणं हा दर सुट्टीत कोकणातल्या पोरांचा जोडधंदा झालाय.

पाहुण्यांकडून घेतलेला कागद ठेवा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. ब्रेक नीट नव्हते, हेल्मेट दिलं नाही, दहा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी दिली, असा निष्काळजीपणा तुमच्याकडून झाला तर एका सहीनं तो धुऊन निघत नाही.

मग करायचं काय? गाडी खरोखर कुंपणाच्या आतच ठेवा. चावी तुमच्या माणसाकडे राहू द्या. फार्महाऊससाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी घ्या आणि प्रस्तावात 'पाहुण्यांना आवारात क्वाड बाईक चालवायला देतो' असं स्पष्ट लिहा. अशा पॉलिसीत मोटार वाहनं बऱ्याचदा वगळलेली असतात, म्हणून कंपनीनं ही गाडी धरली आहे असा उल्लेख पॉलिसीच्या कागदावर येईपर्यंत हप्ता भरू नका. नकार आला तर पाहुण्यांना बैलगाडीतून फिरवा, मुंबईच्या मुलांना तीच जास्त आवडते.

मॅम, माझी 2021 ची डिझेल थार आहे. गाडी उंच करणारं लिफ्ट किट, मोठे टायर, रुतलेली गाडी ओढायचं विंच आणि पुढे बुलबार (जाड लोखंडी दांड्या) लावलाय. पावसाळ्यात मुळशीच्या बाजूला ओढा पार करताना इंजिनात पाणी गेलं. क्लेम फेटाळला, फोनवर कारण सांगितलं 'ऑफ-रोडिंग कव्हर होत नाही'. हे बरोबर आहे?
— पुण्याचा एक वाचक

फोनवरचं कारण हे कारणच नसतं. लेखी मागा आणि पॉलिसीचं कुठलं कलम लावलं ते लिहायला सांगा. खासगी गाडीच्या ठरावीक मजकुरात वगळलेला वापर असा असतो: भाडं, माल वाहतूक, आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, विश्वसनीयतेची चाचणी, गाड्यांच्या व्यवसायातला वापर. 'डांबरी रस्ता सोडला' असं त्यात नाही. तुमचा ग्रुप नुसता फिरायला गेला असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. पण आयोजकांनी घड्याळ लावून टप्पे ठेवले असतील आणि बक्षीस दिलं असेल, तर ती शर्यत होते. त्यासाठी आधी जादा हप्ता भरून रॅलीचं संरक्षण जोडून घ्यायचं असतं. ग्रुपच्या पोस्टरचा फोटो कंपनीकडे पोचलेला असतो, हे धरून चाला.

तुमची अडचण दुसरीकडे आहे. पाणी दाबलं जात नाही. हवेच्या वाटेनं ते सिलिंडरमध्ये शिरलं आणि वर तुम्ही स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी याला परिणामी नुकसान म्हणते आणि ते साध्या पॉलिसीत नसतं. 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा हप्त्याचं संरक्षण जोडलेलं असेल तर बोलता येतं, पण गाडी पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा सुरू केली का, हा प्रश्न तिथंही येतो. ओढ्यात बंद पडलेल्या गाडीची चावी काढून खिशात ठेवायची आणि दोर शोधायचा.

बदलांबद्दल आता थोडं कडू. कलम 52 प्रमाणे, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी आणि आरसीतल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंडही बसवला: बदलागणिक 5,000 रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. बुलबारवर कारवाई करा असं केंद्रीय मंत्रालयानं राज्यांना डिसेंबर 2017 मध्येच कळवलं आहे. तो काढाच. पायी चालणाऱ्याला तो जीवघेणा ठरतो, आणि तुमच्या एअरबॅगच्या सेन्सरच्या कामातही आडवा येऊ शकतो. विंच आणि जादा दिव्यांसारखं विजेवरचं सामान विम्यात धरायचं तर त्याची किंमत आधी जाहीर करून त्यावर जादा हप्ता भरावा लागतो. बिल दाखवून नंतर मागितलं तर मिळत नाही.

पण बदल केले म्हणजे क्लेम शून्य, असं आपोआप होत नाही. 2010 च्या एका प्रकरणात खासगी गाडी भाड्यानं दिल्यामुळे शर्त मोडली होती, तरी सगळा क्लेम नाकारता येत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं काही रक्कम द्यायला लावली. अशा शर्तभंगात मान्य होण्याजोग्या रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत देता येतात. कंपन्यांच्या भाषेत याला 'नॉन-स्टँडर्ड' तडजोड म्हणतात. सगळं नाकारलं तर ती मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे, वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही. माझ्या धंद्याला हे वाक्य परवडत नाही, तरी लिहिते.

माझ्या जेसीबीचा विमा पूर्ण आहे. शेततळं खोदताना काठ खचून मशीन उलटलं. कंपनी म्हणते, उलटणं विम्यात नाही. पूर्ण विमा म्हणजे मग काय?
— मशीनमालक, माण तालुका

'पूर्ण' हा एजंटचा शब्द. उत्खनन यंत्रं, क्रेन, बोअरच्या गाड्या यांच्या मोटार पॉलिसीला आयएमटी 47 नावाची पुरवणी लागते. यंत्र अवजार म्हणून काम करत असताना उलटून झालेलं नुकसान ती वगळते. आग, चोरी वगैरे चालतं. रस्त्यानं जाताना उलटलं असतं तर गोष्ट वेगळी होती. उलटण्याचा धोका जादा हप्ता भरून घेता येतो, तो भरलाय का हे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर (शेड्यूलमध्ये) बघा. नसेल तर या वेळी फार आशा ठेवू नका. पण पाहणी अहवालाची प्रत मागून घ्या: बकेट जमिनीत होतं की मशीन जागा बदलत चाललं होतं, या एका ओळीवर बरंच अवलंबून आहे.

मित्राकडून जुनी जीप घेतली, रोख व्यवहार, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय. आरसी आणि विमा अजून त्याच्याच नावावर. वर्ष झालं. घाई आहे का?
— कोल्हापूरचा एक वाचक

तुमच्यापेक्षा तुमच्या मित्राला आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याच्या दृष्टीनं मालक, गाडी मध्ये कितीही हातांतून गेली तरी. तुम्ही कुणाला धडक दिलीत तर नोटीस त्याच्या दारात जाईल.

मालकी बदलली की तिसऱ्या पक्षाचा विमा कलम 157 मुळे तुमच्याकडे आला असं मानलं जातं, पण नावबदलाचा अर्ज 14 दिवसांत कंपनीकडे करायचा असतो. तुमच्या स्वतःच्या जीपचं नुकसान त्यात आपोआप येत नाही. ती उद्या दरीत गेली तर तुमचं नाव पॉलिसीवर नाही आणि मित्राचं जीपमध्ये काही उरलेलं नाही, मग पैसे कुणालाच नाहीत. मित्राचा नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) त्याचाच, जीपबरोबर तुमच्याकडे येत नाही. त्याला सांगा, कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेव, तीन वर्षांत नवी गाडी घेतली तर वापरता येईल.

आरसीवरच्या नावबदलाचे फॉर्म 29 आणि 30 दोघांच्या सह्यांनी भरा. जीप पंधरा वर्षांपुढची असेल तर नोंदणीची मुदत आधी तपासा, संपली असेल तर फॉर्म 25 आणि गाडीची तपासणी ओघानं आलीच. चासी नंबर गंजून वाचता येत नसेल तर तपासणीला नेण्याआधी रॉकेलच्या बोळ्यानं तेवढी पट्टी पुसून घ्या. घासकागद अजिबात लावू नका, आकडा खरवडलेला दिसला की जीप तिथंच उभी राहील.